तबकडीची दुसरी बाजू

गेल्या दिवाळीत माझ्या हातून मास्तराला न शोभणारी एक गोष्ट घडली. फराळाची ताटे पुढे होती. पुण्याहून आलेला पुतण्या सोप्यात बसून मोबाइलवर कसलेसे इंग्रजी गाणे ऐकत होता. मी चकलीचा तुकडा मोडता मोडता "बंद कर बघू तो गोंगाट" असे म्हणून मोकळा झालो. पोर शांत स्वभावाचे. त्याने गाणे बंद केले आणि विचारले,

"काका, या लोकांचा एक तरी अल्बम तुम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलाय काय?"

"अरे, भात शिजला की नाही ते एका शितावरनं कळतंय."

"भाताचं कळतंय की. पण पोरानं धडा न वाचता उत्तर लिहिलं, तर तुम्ही त्याला किती गुण देता?"

घरातली सगळी मंडळी हसली. मीही हसलो; पण प्रश्न मात्र मनात रुतून बसला. वीस-बावीस वर्षे मी मुलांना सांगत आलो आहे, की आधी वाचा आणि मग लिहा. आणि इथे मी ज्या संगीताची एक तबकडीही पुरती ऐकली नव्हती, तिला नापास करून बसलो होतो.

माझा हा ग्रह अगदीच निष्कारण होता असे नाही. आमच्या गडहिंग्लजला, किंबहुना साऱ्या कोल्हापूर जिल्ह्यात, मिरवणुकीतल्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात. तो एकदा सुरू झाला, की खिडक्यांची तावदाने थरथरतात आणि ठोका कानात न बसता छातीत बसतो. त्या डॉल्बीची आणि रॉक नावाच्या संगीताची मी मनातल्या मनात एकच मोट बांधून ठेवली होती. पुतण्याने ती सोडायला लावली. ठरले ते असे: वर्षभरात त्याने निवडलेल्या चार तबकड्या मी ऐकायच्या, प्रत्येक तबकडी एका बैठकीत, गाण्यांचा क्रम न मोडता, हातात दुसरे काम न घेता, आणि किमान तीन वेळा. पुढच्या दिवाळीला अभिप्राय द्यायचा. तबकड्या अर्थात मोबाइलवरच होत्या. सोबतीला त्याने दोन लहान ध्वनिक्षेपक दिले. पण मूळ तबकडीची पहिली बाजू जिथे संपते तिथे मी थांबत असे, चहा घेत असे आणि मग दुसरी बाजू लावत असे. हा नियम माझा. पुढे तोच सगळ्यात उपयोगी ठरला.

याचे कारण सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे. आपल्या थोर गायकांना तासाभराचा ख्याल त्या तीन मिनिटांत बसवावा लागला. बैठकीत जो आलाप पाऊल पाऊल पुढे सरकतो, तो तिथे दोन ओळींत उरकतो आणि तान लगेच दाराशी येऊन उभी राहते. १९४८ साली अमेरिकेतल्या कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी तबकडी बाजारात आणली आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे मावू लागली. रॉकचा जन्म त्यानंतरचा. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूज गाण्यांपासून, विजेच्या गिटारीवर आणि ड्रमच्या ठोक्यावर, ते १९५० नंतर वाढीला लागले. आरंभी या मोठ्या तबकडीत दहा-बारा सुटी गाणी भरली जात, पिशवीत लाडू भरावेत तशी. मात्र १९६० नंतर काही वादकांच्या ध्यानात आले, की चाळीस मिनिटांची जागा हातात आहे, तर तिला सुरुवात, मध्य आणि शेवट देता येईल. तबकडी ही त्यांची मैफल झाली. हे ध्यानात न घेता एखादे सुटे गाणे ऐकणे म्हणजे कादंबरीचे अकरावे प्रकरण वाचून तिच्यावर लिहिणे होय.

पहिली तबकडी बीटल्सची, 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड', १९६७ सालची. लिव्हरपूलच्या या चौघांनी १९६६ च्या ऑगस्टनंतर जाहीर दौरे थांबवले होते. व्यासपीठावर वाजवून दाखवण्याची चिंता उरली नव्हती. लंडनच्या ॲबी रोडवरच्या ध्वनिमुद्रणगृहात, जॉर्ज मार्टिन या निर्मात्याच्या साहाय्याने, त्यांनी फितीवरच संगीत रचले. कल्पना अशी, की सार्जंट पेपर नामक कोणा काल्पनिक बँडमास्तरचा ताफा आपल्यापुढे कार्यक्रम करीत आहे. आरंभी प्रेक्षकांची कुजबुज आणि वाद्ये जुळवल्याचे आवाज ऐकू येतात. मला आपल्या नाटकाची नांदी आठवली.

या तबकडीची कीर्ती फार मोठी आहे. म्हणूनच सांगतो, की तिची गुंफण तिच्या कीर्तीइतकी घट्ट नाही. तो काल्पनिक ताफा दोन गाण्यांनंतर अंतर्धान पावतो आणि शेवटाजवळ एकदाच तोंड दाखवतो. मधली गाणी आपापल्या वाटेने जातात. पण दुसऱ्या बाजूच्या प्रारंभी जॉर्ज हॅरिसनचे एक गाणे आहे, तिथे मी सावरून बसलो. तंबोरा, दिलरुबा, तबला! लंडनमधले भारतीय वादक त्यात आहेत. बीटल्सपैकी हॅरिसनखेरीज कोणी नाही. स्वर खमाज थाटाचे. गायनाला तीनतालाची चाल आहे आणि मधल्या वादनात ताल झपतालावर येतो. हे काही खमाजाचे गाणे नव्हे. रागाची बढत त्यात नाही आणि शब्दांत उपदेश जरा अधिक आहे. तरीही गायकाच्या ओळीमागे दिलरुबा सावलीसारखा चालतो, ही साथीची आपली रीत त्या परदेशी तरुणाला बरोबर उमगली आहे. गाणे संपताच लोकांचे हसू ऐकू येते, आणि त्यामागून क्लॅरिनेटचे एक हलकेफुलके, म्हातारपणाची थट्टा करणारे गाणे येते. त्या हसण्याने गंभीराकडून हलक्याकडे जाण्याचा पूल बांधला आहे. गाण्यांचा क्रम मोडला तर हा पूल दिसणारच नाही.

हाच हॅरिसन १९६८ च्या जानेवारीत मुंबईला आला आणि एचएमव्हीच्या ध्वनिमुद्रणगृहात त्याने संतूर, सरोद, सनई अशा वाद्यांचे तुकडे मुद्रित केले. 'वंडरवॉल म्युझिक' या तबकडीत ते आहेत. मुंबईचे नाव वाचून मी ती अभिमानाने लावली आणि निराश झालो. एका चित्रपटाच्या पार्श्वसंगीतासाठी केलेले ते काम आहे. वाद्य रंगात येते न येते तोच तुकडा संपतो. आपली वाद्ये असली म्हणजे तबकडी आपली होते असे नाही, एवढे मात्र मी शिकलो.

दुसरी तबकडी पिंक फ्लॉइड या इंग्रजी संचाची, 'द डार्क साइड ऑफ द मून', १९७३ सालची. वर्षभरात ऐकलेल्या सर्वांत मी हिला अग्रस्थान देतो. काळ, पैसा, मरण, वेड अशी माणसाला ग्रासणारी ओझी हा तिचा विषय, आणि इथे गुंफण खरोखरच घट्ट आहे. ती हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होते आणि त्याच ठोक्यांवर विरते. चाळीसएक मिनिटे भटकून आपण समेवर येतो. गाणी एकमेकांत मिसळलेली आहेत. मध्ये श्वास घ्यायला फट अशी नाहीच, केवळ बाजू बदलताना आहे.

दुसऱ्या बाजूच्या आरंभी पैशावरचे गाणे आहे. दुकानातल्या गल्ल्याची खणखण आणि नाण्यांचा आवाज यांचीच एक लय बांधून त्यावर ते उभे केले आहे. ऐकताना माझा हात नकळत मांडीवर ताल धरू लागला, आणि मोजतो तर मात्रा सात! आपल्या रूपकाच्या सात मात्रांची वाटणी तीन-दोन-दोन अशी असते. इथली चाल वेगळी आहे, परंतु सम येताना होणारा तो सुखद अडखळा तोच. मग गिटार एकटी पुढे येते आणि लय चार मात्रांवर उतरते. सात मात्रांच्या खडकाळ वाटेवरून गाडी एकदम डांबरी रस्त्याला लागावी, तसे वाटते.

पण या तबकडीचे मर्म पहिल्या बाजूच्या शेवटी आहे. तिथे एक स्त्री गाते, आणि एकही शब्द उच्चारीत नाही. रिचर्ड राइटच्या पियानोवर तो स्वर हुंदक्यासारखा उठतो, आक्रोश करतो, थकतो आणि अखेर अगदी खालच्या आवाजात समजूत पटल्यासारखा निवतो. शब्दावाचून गळ्याने काय करता येते हे सांगायला आलाप ऐकणाऱ्या माणसाला दुभाषा लागत नाही. तिचे नाव क्लेअर टोरी. १९७३ च्या जानेवारीत एका रविवारी तिला बोलावले, 'शब्द नकोत' एवढेच सांगितले आणि सुटीच्या दिवसाचा दुप्पट दर धरून ३० पौंड हाती ठेवले. त्या स्वररचनेचे श्रेय मात्र एकट्या राइटच्या नावे गेले. तिने २००४ मध्ये दावा लावला, २००५ मध्ये तडजोड झाली, आणि तेव्हापासून रचनाकार म्हणून तिचेही नाव लागते. बत्तीस वर्षे गेली. आपल्याकडच्या कित्येक जुन्या तबकड्यांवर सारंगीवाल्याचे किंवा तबलजीचे नाव नाही, आणि ते शोधायला आता कोणी उरलेलेही नाही, हे मनात आल्यावर मला त्या बत्तीस वर्षांचे फारसे नवल वाटले नाही. वाईट मात्र वाटले.

या तबकडीत एक उणे आहे. जे स्वरांनी आधीच सांगितले, ते शब्दांनी पुन्हा समजावून देण्याचा मोह तिला शेवटी आवरत नाही. माझे इंग्रजी बेताचेच; पण तेवढ्या इंग्रजीलाही ते जाणवले.

तिसरी तबकडी क्वीन या संचाची, 'अ नाइट ॲट द ऑपेरा', १९७५ सालची. हिच्यापाशी मी जरा आपुलकीने गेलो. हिचा मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी हा झांजीबारला १९४६ साली जन्मलेला पारशी मुलगा, मूळ नाव फारोख बलसारा. त्याचे शालेय शिक्षण झाले ते आपल्या सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीला, सेंट पीटर्स शाळेत. पियानोची गोडी तिथली, आणि 'हेक्टिक्स' नावाचा पहिला वाद्यमेळही तिथल्याच शाळासोबत्यांबरोबर. सहलीला पाचगणीत जाऊन आम्ही टेबललँड पाहतो, स्ट्रॉबेरी खातो आणि परत येतो. या मुलाचे नावही आमच्या कोणा वर्गात निघत नाही.

ही तबकडी एखाद्या दिवाळी अंकासारखी आहे. इथे विनोद आहे, प्रेमगीत आहे, संतापाचे गाणे आहे, भविष्यकथनासारखे एक आठ मिनिटांचे दीर्घ गीत आहे, आणि शेवटी गिटारीवर इंग्लंडचे राष्ट्रगीतही. दिवाळी अंकाचा दोषही तिच्यात आहे: सगळ्यांना सगळे देण्याच्या हौसेत काही पाने भरताड निघतात. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे सहा मिनिटांचे गाणे मात्र नीट ऐकावे. त्याला फिरून फिरून येणारे ध्रुवपद नाही. वाद्याविना समूहस्वर, मग पियानोवरचा विलाप, मग ऑपेराचा प्रवेश, मग गिटारीचा तडाखा आणि अखेर सारे शांत. ऑपेरातला तो प्रचंड जमाव म्हणजे प्रत्यक्षात तीनच गळे आहेत. फितीवर ते पुनःपुन्हा एकावर एक चढवले आहेत. परक्या शब्दांची त्यात गंमतजंमत आहे, आणि त्यांत एक 'बिस्मिल्ला'ही आहे. संगीत नाटके पाहून वाढलेल्या महाराष्ट्राला हे समजायला जड जाऊ नये. पात्राचा भाव बदलला की चाल बदलायची, हेच तर आपले नाट्यसंगीत करीत आले.

याच तबकडीत ब्रायन मे या गिटारवाल्याचे एक साधे लोकगीतासारखे गाणे आहे. काही जण अंतराळप्रवासाला जातात; त्यांच्या लेखी वर्षच लोटते, परत येतात तो घरी पिढ्या उलटलेल्या. मे हा खगोलशास्त्राचा विद्यार्थी. संगीतापायी अर्धवट राहिलेली डॉक्टरेट त्याने २००७ साली पुरी केली. सापेक्षतेचा सिद्धांत त्याने घराच्या ओढीचे गाणे करून सांगितला. आखाताला किंवा अमेरिकेला पोर धाडलेल्या घरात हे गाणे विज्ञान न शिकताही कळेल.

चौथी तबकडी 'शक्ती'ची. पुतण्या म्हणाला, "हे रॉक नव्हे काका, पण रॉक ऐकणाऱ्या पोरांनी ते डोक्यावर घेतलं." महाविष्णू ऑर्केस्ट्रा या कानठळ्या बसवणाऱ्या संचाचा इंग्रज गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन विजेची गिटार बाजूला ठेवून लाकडी गिटार घेऊन मांडी घालून बसला. सोबत एल. शंकर यांचे व्हायोलिन, विनायकराम यांचा घटम्, राघवन यांचा मृदंगम् आणि मुंबईच्या झाकीर हुसेन यांचा तबला. न्यूयॉर्क राज्यातल्या एका महाविद्यालयात १९७५ च्या जुलैत झालेला हा कार्यक्रम १९७६ साली तबकडीवर आला.

हिचा अभिप्राय लिहिणे मला सर्वांत अवघड गेले, कारण ती माझ्या कानाला सर्वांत जवळची. पहिली अठरा मिनिटे सवाल-जवाबाची आहेत आणि ती थक्क करून सोडतात. पण तिसऱ्या वेळी ऐकताना मला शंका आली, की हे आपण ऐकतो आहोत की पळणाऱ्यांची शर्यत बघतो आहोत? विलंबिताचा विसावा नसला, म्हणजे द्रुताला अर्थ राहत नाही. त्यामागून येणारी जेमतेम पाच मिनिटांची संथ रचना मला म्हणूनच अधिक मोलाची वाटते. तिथे तबला केवळ वाजत नाही, वाट पाहतो. झाकीर हुसेन १५ डिसेंबर २०२४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत वारले. त्यांच्या बोटांच्या वेगाचे कौतुक आपण सर्वांनी केले. त्यांची ती वाट पाहणारी बोटे या छोट्या रचनेत ऐकावीत.

चार तबकड्या झाल्या. पाचवी माझी मलाच सापडली, आणि तिनेच मला खरा धडा दिला.

वर्गात मी मुलांना व्हॉयेजर यानांविषयी सांगत होतो. १९७७ साली अमेरिकेने दोन याने सोडली. ती आता सूर्यमालेच्या प्रभावाबाहेर, ताऱ्यांमधल्या पोकळीत पोहोचली आहेत. कोणी परग्रहवासी भेटलाच तर त्याला पृथ्वीची ओळख पटावी, म्हणून प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी बसवलेली आहे. कार्ल सेगन यांच्या समितीने तिच्यासाठी सगळ्या जगातून सत्तावीस रचना निवडल्या. त्यांत बाख आहे, बीथोव्हेन आहे; आणि आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. केसरबाई गोव्यातल्या केरीच्या. लहानपणी त्या काही महिने कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकल्या. पुढे त्यांनी अल्लादिया खाँसाहेबांचा गंडा बांधला, आणि ते खाँसाहेब म्हणजे शाहू महाराजांच्या आश्रयाला राहिलेले कोल्हापूर दरबारचे गवई. हे सारे मी मुलांना छाती फुगवून सांगत होतो.

घरी येऊन यादी पुरती पाहिली, तर तिच्यात चक बेरीचे 'जॉनी बी. गुड' हे १९५८ सालचे गाणे! म्हणजे माझ्या कालपर्यंतच्या भाषेत, गोंगाट. केसरबाई आणि गोंगाट एकाच तबकडीवर, एकाच यानात. हे गाणे घ्यायला तेव्हाही विरोध झाला होता. लोकगीतांचे थोर संग्राहक ॲलन लोमॅक्स यांना रॉक हा पोरकटपणा वाटला. सेगन यांनी उत्तर दिले ते अशा आशयाचे, की पृथ्वीवर पोरेही पुष्कळ आहेत. चाळीस पोरांच्या वर्गातून नुकताच आलेला मी; मला हे उत्तर पटायला वेळ लागला नाही.

त्या रात्री दिवा मालवून मी आधी चक बेरी ऐकला. पावणेतीन मिनिटांत गिटार वाजवणाऱ्या एका खेड्यातल्या पोराची गोष्ट. गिटारीचा पहिला तुकडाच असा उसळतो, की गोष्ट कळण्याआधी पाय हलू लागतो. मग केसरबाई लावल्या. भरदार, गोल आवाज. स्वर कुठे विरळ होत नाही, लय कुठे सुटत नाही, आणि भैरवीचे आर्जव असूनही गाण्यात दीनवाणेपणा म्हणून नाही. साडेतीन मिनिटे संपली आणि मी अंधारात बसून राहिलो. मनात आले, केसरबाईंचे नाव मी किती वर्षे अभिमानाने घेत आलो! पण हातातले काम टाकून, दुसरे काही न करता, त्यांची एक तरी ध्वनिमुद्रिका पहिल्यापासून शेवटपर्यंत मी याआधी ऐकली होती काय? नव्हती. कुठे रेडिओवर दोन ओळी, कुठे कोणाच्या घरी गप्पांच्या मागे पुसटसा स्वर. तेवढ्या शिदोरीवर माझा अभिमान उभा होता. रॉकला मी न ऐकता नापास केले होते आणि केसरबाईंना न ऐकता पहिला नंबर दिला होता. एकच चूक, दोन उत्तरपत्रिकांत.

पहिल्या चुकीने रॉकचे काही बिघडले नाही. जगाने ते ऐकलेच. दुसरी चूक अधिक घातक आहे. आपल्या घरची ठेव आपण न ऐकताच गौरवीत राहिलो, तर ती हळूहळू नुसते नाव होऊन उरते. केसरबाई १६ सप्टेंबर १९७७ रोजी वारल्या. तेव्हा दोन्ही याने पृथ्वी सोडून गेलेली होती. त्यांचा स्वर आता इतक्या दूर आहे, की तिथे तो ऐकायला कोणी भेटेल की नाही कोण जाणे. इथे मात्र तो ऐकायला मोबाइलवर दोन बोटे फिरवावी लागतात, आणि साडेतीन मिनिटे काढावी लागतात.

यंदा पुतण्या दिवाळीला यायचा आहे. माझा अभिप्राय तयार आहे: पिंक फ्लॉइड पहिल्या वर्गात, क्वीन दुसऱ्या वर्गात वरचे, बीटल्स त्यांच्या जवळच, आणि शक्तीला वेगासाठी नव्हे तर त्या पाच मिनिटांसाठी विशेष गुण. गेल्या दिवाळीच्या माझ्या स्वतःच्या उत्तराला मात्र शून्य. यंदा फराळ झाल्यावर त्याने त्याची आवडती एखादी तबकडी लावावी, मी केसरबाई लावीन. घरातल्या सर्वांनी बोलणे थांबवून दोन्ही ऐकाव्यात, असे ठरवले आहे. वाचकांनीही आपल्या घरी असे करून पाहावे. तबकडी कोणतीही चालेल. फक्त ती संपेपर्यंत चकली मोडू नये. फार आवाज होतो.